पोटाचा व्यायाम आणि मानेची तक्रार

शरीरसंवर्धनाचा मार्ग नव्याने धरणाऱ्या मनुष्याला पहिल्या आठवड्यातच जी एक तक्रार गाठते ती अशी की, श्रम पोटाला व्हावेत म्हणून त्याने जो व्यायाम आरंभिला, त्याचा शिणवटा पोटाला न जाणवता मानेला जाणवतो. उताणे पडून, गुडघे दुमडून, हात डोक्यामागे बांधून तो दहा-वीस वेळा धड उचलतो, आणि दुसऱ्या दिवशी पोट जसेच्या तसे राहून मान मात्र अशी आखडते की, मागून कोणी हाक मारली तर सगळे अंग वळवून पाहावे लागते. या तक्रारीपुढे बहुतेकांना दोनच वाटा दिसतात. कोणी वेदना ही व्यायामाची रीतसर किंमत समजून दातओठ खात तसेच चालू ठेवतो, तर कोणी ‘हे आपल्या प्रकृतीला मानवत नाही’ असा निकाल देऊन चटई गुंडाळून ठेवतो. नुकसान दोघांचेही होते, आणि त्याचे कारणही एकच असते: मान का दुखली याची चौकशी दोघांपैकी कोणीच केलेली नसते.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, सिहोऱ्यावरून मध्य प्रदेशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, राज्याच्या हद्दीलगत बपेरा हे गाव आहे. मुलूख धानाचा, पावसाळ्यात रोवणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी, यांत वर्षाचा मोठा भाग वाकून काम करण्यात जातो. अशा मुलखातील तरुण पोलीस वा सैन्यभरतीची आस धरून पहाटे रस्त्याने धावतात आणि धावून आल्यावर अंगणात सिट-अप्स काढतात. शिकवणारा बहुधा कोणी नसतो; मोबाइलवरची चित्रफीत पाहावी आणि तसे करावे, हाच शिरस्ता. या प्रश्नावरची दोन मते, एक मैदानावरच्या अनुशासनातून आलेले आणि दुसरे शरीरशास्त्राच्या अभ्यासातून आलेले, मी येथे बपेऱ्यातील एका घराच्या सपरीत समोरासमोर बसवली आहेत. पहिले मत शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेल्या काकाजींच्या मुखी आहे आणि दुसरे नागपुरास फिजिओथेरपीचा व्यवसाय करणाऱ्या त्यांच्या पुतणीच्या. नावांची आवश्यकता नाही, कारण महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात ही दोन माणसे सापडतील.

काकाजी : बेटा, माझी सारी नोकरी पोरांना मैदानावर उभे करण्यात गेली, आणि तीतून मी एक गोष्ट पक्की शिकलो ती ही की, अंग दुखल्याखेरीज अंग घडत नाही. नव्याने जोर काढणाऱ्याचे दंड भरून येतात, नव्याने बैठका मारणाऱ्याला दोन पायऱ्या उतरणे जड जाते, रोवणीच्या पहिल्या दिवसांत बायांच्या कमरा धरतात. काम मध्येच सोडले तर अंगाला सवय म्हणून होत नाही, आणि नेटाने चालू ठेवले तर दुखणे आठ-पंधरा दिवसांत विरून जाते. मग पोटाच्या व्यायामाने मान दुखली, तर त्या एकट्या दुखण्याला निराळा न्याय कशासाठी?

पुतणी : काकाजी, तुमची उदाहरणे सगळी खरी आहेत, आणि नेमकी तीच माझ्या बाजूचा पुरावा आहेत. जोर काढले तर दंड आणि छाती दुखते, बैठका मारल्या तर मांड्या दुखतात, वाकून रोवणी केली तर कंबर दुखते. म्हणजे ज्या अवयवाने काम केले, दुखणे त्याच्याच वाट्याला आले. हाच नियम धरला तर पोटाच्या व्यायामानंतर पोट दुखायला हवे. ते न दुखता मान दुखली, याचा सरळ अर्थ असा की, काम पोटाच्या नावावर मांडले गेले आणि केले मात्र मानेने. नव्या श्रमाने स्नायूंत येणारी जी ठणक दुसऱ्या दिवशी जाणवते आणि दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरते, तिला मी दोष देत नाही. पण व्यायाम चालू असतानाच मानेत चमक निघणे, कवटीच्या खालच्या कडेला ताण चढणे, खांद्यापर्यंत ओढ बसणे, हे अंग घडण्याचे दुखणे नव्हे.

काकाजी : नावावर कोणाच्या आणि केले कोणी, हा हिशेब मला उलगडून सांग. धड उचलायचे तर डोके सोबत उचलावेच लागणार. ते काही चटईवर ठेवून येता येत नाही.

पुतणी : पोटाच्या समोरचा जो उभा स्नायू आहे तो वर पाचव्या, सहाव्या आणि सातव्या बरगडीच्या कूर्चांशी जोडलेला आहे आणि खाली ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या हाडाशी. तो आकुंचन पावला की बरगड्या ओटीपोटाकडे येतात आणि पाठीचा वरचा भाग जमिनीवरून सुटतो. त्याचा अधिकार येथवरच. पोटाचा एकही स्नायू डोक्याला जोडलेला नाही, म्हणून डोके उचलण्याची जबाबदारी मानेच्या पुढच्या बाजूच्या स्नायूंवर येते, आणि त्यांत दोन थर आहेत. एक थर कण्याला लगटून असलेल्या खोल, लहान स्नायूंचा. ते हनुवटी किंचित आत घेऊन मान सावरून धरतात. दुसरा कानामागच्या हाडापासून छातीच्या आणि गळ्याच्या हाडापर्यंत उतरणाऱ्या ठळक स्नायूचा; मान वळवली की तो वर उठून दिसतो. नवशिक्याचे खोल स्नायू फार लवकर थकतात. ते थकले की हा वरचा स्नायू सगळा भार अंगावर घेतो, हनुवटी पुढे काढतो आणि मानेच्या मणक्यांवर असा ताण आणतो की तो त्यांना सोसत नाही. प्रौढ मनुष्याचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. भरतीच्या मैदानावर मुलींना फेकायला देतात तो गोळा चार किलोचा. म्हणजे त्याहूनही जड असे वजन त्या बिचाऱ्या मानेने दर उठण्याला उचलायचे!

काकाजी : मग माझ्या एका शंकेचे निरसन कर. कापणी झाली की बांधीतून खळ्यावर धानाचे भारे डोक्यावरून येतात. चुंबळीवर भारा घेऊन बाई अरुंद धुऱ्यावरून चालते, आणि तो भारा डोक्याच्या कितीतरी पट जड असतो. त्या ओझ्याने तिची मान मोडत नाही, आणि नुसत्या पाच किलोच्या डोक्याने तरण्याताठ्या पोराची मान मोडते, हे मला पटत नाही.

पुतणी : शंका रास्त आहे. भारा डोक्यावर असतो तेव्हा मान उभी असते. ओझे एकावर एक बसलेल्या सात मणक्यांतून सरळ खाली उतरते, आणि स्नायूंना फक्त तोल राखावा लागतो. उताण्या माणसाच्या मानेला हा आधार मिळत नाही. मणके आडवे झालेले, खाली टेकायला काही नाही, आणि गुरुत्वाकर्षण डोक्याला जमिनीकडे ओढते आहे. मग संपूर्ण वजन पुढच्या त्या थोड्या स्नायूंवर लोंबते. ओझे किती, यापेक्षा ते कोणत्या दिशेने येते, याला येथे अधिक महत्त्व आहे. शिवाय भारे वाहणाऱ्या बायांच्या माना दुखत नाहीत असेही समजू नका. त्या दुखण्याची दाद त्या कोणाकडे मागत नाहीत, म्हणून ते आपल्या कानावर येत नाही.

काकाजी : हे मात्र खरे बोललीस. आणि नांगराच्या जोडीतला एक बैल अंग चोरू लागला की खांदेसूज दुसऱ्यालाच होते, हे आम्ही शेतकऱ्याच्या घरात जन्मभर पाहिले आहे. पण पोट अंग चोरते, हे तू म्हणतेस म्हणून मी मानायचे काय? मला प्रत्यक्ष दाखव.

प्रत्यक्षावाचून काकाजींचे समाधान होणारे नव्हते, म्हणून शेजारच्या एका भरतीच्या मुलाला हाक मारण्यात आली. त्याने येताच कैफियत मांडली, “मान लय दुखते जी, काकाजी; वीसच्या पुढे जातच नाही.” त्याला चटईवर निजवून, नित्याच्या पद्धतीने करावयास सांगितले. त्याने पाय बाजेखाली अडकवले, दोन्ही हातांची बोटे डोक्यामागे एकमेकांत गुंफली आणि झटक्यासरशी उठू लागला. पुतणीने एक तळवा त्याच्या पोटावर ठेवला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे कवटीच्या खालच्या कडेला टेकवली. क्रम स्पष्ट दिसत होता: प्रथम कोपरे एकमेकांकडे येत, मग हात डोक्याला पुढे ओढत, हनुवटी छातीवर आदळे, आणि एवढे झाल्यावर पाठ चटईवरून सुटे. पाय अडकवलेले असल्यामुळे वरचा उरलेला प्रवास मांडीच्या सांध्यापुढचे स्नायू करीत. पोटावरच्या तळव्याला मधला थोडासाच काळ ताण लागत होता.

मग तिने त्याचे पाय मोकळे करून तळवे जमिनीवर टेकवले आणि काकाजींच्या खांद्यावरचा दुपट्टा मागून घेतला. दुपट्ट्याची घडी डोक्याखाली अशी घातली की ती खांद्यांच्या मधोमध येऊन कवटीच्या मागपर्यंत पोहोचावी, आणि वरची दोन टोके मुलाच्या दोन हातांत दिली. “डोके या कापडात सैल टाकून दे, ते उचलायचे काम तुझ्या मानेचे नाही, हातांचे आहे.” हनुवटी आणि छाती यांत एक बंद मूठ बसेल एवढे अंतर ठेवायला सांगितले, नजर आढ्याच्या थोडी पुढे लावायला सांगितली, आणि तोंडाने सावकाश श्वास सोडत फक्त खांद्याची फरे जमिनीवरून सुटेपर्यंत वर येऊन, क्षणभर थांबून, तितक्याच सावकाश खाली जायला सांगितले. मुलाचे उठणे आता वीतभरही नव्हते. पाचव्या-सहाव्या खेपेला त्याचे पोट थरथरू लागले आणि तो म्हणाला, “आता पोटाले ओढ बसली जी!”

काकाजी : पाहिले, आणि मान्यही केले. तरी माझा आक्षेप पुरता मिटलेला नाही. हात डोक्यामागे बांधून पूर्ण उठणे ही पद्धत कोणी आळशी माणसाने काढलेली नाही. फौजांनी ती पिढ्यान्पिढ्या चालवली. त्यांना एवढे कळले नसेल काय?

पुतणी : कळले, म्हणूनच काहींनी ती बदलली. अमेरिकेच्या भूदलात १९८० पासून जी शारीरिक चाचणी होती, तीत बोटे डोक्यामागे गुंफून दोन मिनिटांत जास्तीत जास्त सिट-अप्स काढायचे असत. आता त्यांच्या चाचणीत त्या जागी प्लँक आहे, म्हणजे कोपरे आणि चवडे टेकून शरीर सरळ धरून ठेवणे. त्यांच्या नौदलानेही २०२१ पासून तसाच बदल केला. त्या फेरविचारात कमरेच्या दुखापतींचा मुद्दा मोठा होता, पण मानेलाही त्याने सुटका मिळाली. आणि आपल्या घरचे पाहायचे तर महाराष्ट्र पोलीस भरतीच्या सध्याच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक, मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक एवढेच आहे. सिट-अप्सचे गुण कोणी देत नाही. मग मान दुखवून घेऊन ही मुले कोणाची परीक्षा देतात?

काकाजी : परीक्षेचे गुण नसतील, पण धावणाऱ्याचे धड डळमळू नये आणि गोळा फेकणाऱ्याची कंबर खंबीर राहावी म्हणून पोट भक्कम लागतेच. आणि उद्या हाच पोरगा सैन्यात निवडला गेला, तर अमेरिकेने काय केले याचा दाखला तेथे चालणार नाही. उस्तादाचा हुकूम होईल तेव्हा सिट-अप्स काढावे लागतील. त्या दिवशी त्याची तयारी नसली तर त्याची लाज मला वाटेल.

पुतणी : हे मला मान्य आहे. पूर्ण सिट-अप कोणी कधी करूच नये, असे माझे म्हणणे नाही. तो व्यायामाचा शेवटचा धडा आहे आणि आपण तो पहिला म्हणून शिकवतो, एवढीच माझी हरकत आहे. तुम्ही स्वतः तरुणपणी पोट कशाने घडवले ते सांगा.

काकाजी : आम्हांला सिट-अप हा शब्दच ठाऊक नव्हता. पहाटे सूर्यनमस्कार, मग जोर. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कार चालू केले, त्याचे लोण आमच्या मास्तरांपर्यंत आले होते. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली लावलेल्या रोपाचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले, आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने आपल्या देशी व्यायामांची प्रात्यक्षिके करून दाखवली. वऱ्हाड-नागपूर प्रांतातल्या किती शिक्षकांना त्या आखाड्याने वळण लावले! त्या माणसांची पोटे फळीसारखी सपाट असत.

पुतणी : आणि त्या व्यायामांत उताणे पडून डोके उचलणे जवळजवळ नव्हतेच. नमस्कारात तळवे आणि चवडे टेकून शरीर एका रेषेत येते, त्या स्थितीत कंबर खाली लोंबू न देण्याचे काम पोट करते. आज ज्याला प्लँक म्हणून शहरात पैसे देऊन शिकतात, त्याचे बीज तुमच्या पहाटेच्या नमस्कारात होते. पोटाचे मूळ काम धड वाकवणे हे नसून, हातपाय हलत असताना धड स्थिर धरणे हे आहे. ते काम शिकवायला मान वापरावी लागत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले ते याच वृत्तीने की, परंपरेने दिलेल्या क्रिया श्रद्धेने कराव्यात आणि प्रयोगशाळेत तपासूनही पाहाव्यात. आपणही तेच करू.

काकाजी : मग तपासून जे निघाले ते थोडक्यात सांग. येथे शिक्षक नाही, आरसा नाही, आणि धावून दमलेल्या पोराच्या ध्यानात तीन गोष्टींपलीकडे काही राहत नाही. तुझ्या शास्त्राचा तीन कलमांत बंदोबस्त कर.

पुतणी : करते. पहिले कलम: पहिले दोन-तीन आठवडे डोके जमिनीवरच राहील. लागल्यास त्याखाली चादरीची पातळ घडी ठेवावी. उताणे पडून, गुडघे दुमडून, एक टाच जमिनीवरून घासत पाय लांब करावा आणि परत आणावा, मग दुसरा. कंबर जागची हलू द्यायची नाही. हे साधले की दोन्ही हात आभाळाकडे, दोन्ही गुडघे कमरेच्या वर काटकोनात, आणि मग उजवा हात डोक्याकडे नेताना डावा पाय खाली न्यायचा, पुढच्या खेपेला उलट. कंबर उचलली जाऊ लागली की तेवढ्यावरच थांबायचे. जोडीला प्लँक, आरंभी दहा-पंधरा सेकंदच. नजर दोन हातांच्या मध्ये जमिनीवर, मान पाठीच्या रेषेत, डोके लोंबू द्यायचे नाही आणि समोर पाहण्यासाठी उचलायचेही नाही.

दुसरे कलम: त्यानंतर धड उचलायचे ते फक्त खांद्याची फरे सुटेपर्यंत. आधी हनुवटी किंचित आत घ्यायची, मूठभर अंतर राखायचे, मग बरगड्या उचलायच्या. डोके बरगड्यांच्या मागोमाग येईल, पुढे धावणार नाही. हात छातीवर दुमडलेले, नाही तर दुपट्ट्याची टोके धरलेले. डोक्यामागे नेलेच तर बोटांची टोके कानामागे नुसती टेकलेली, गुंफलेली नव्हेत. वर येताना श्वास सोडायचा. श्वास कोंडला की गळा आणि मान आपोआप ताठरते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅक्गिल यांची रीत आणखी सावध आहे: एक पाय लांब, एक दुमडलेला, दोन्ही तळवे कमरेखालच्या पोकळीत, आणि डोके व छाती एकच अखंड वस्तू असल्याप्रमाणे जमिनीवरून किंचित उचलून आठ-दहा सेकंद धरायची. सहा उठणी, दोन किंवा तीन वेळा, एक दिवसाआड. आरंभाला एवढे पुष्कळ आहे.

काकाजी : आणि तिसरे?

पुतणी : तिसरे कलम: मानेलाही तिचा स्वतःचा व्यायाम द्यायचा. रात्री अंथरुणावर उताणे पडून, डोके न उचलता, ‘हो’ म्हणताना मान जशी हलते तेवढीच हनुवटी हळूच गळ्याकडे घ्यायची आणि दहा सेकंद धरून सोडायची. असे दहा वेळा. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ग्वेंडोलिन जुल यांनी मानदुखीच्या रुग्णांत या खोल स्नायूंचे काम मंदावलेले असते हे दाखवले, आणि त्यांना जागे करण्याचा हा सौम्य मार्ग रूढ केला. वरचा ठळक स्नायू ताठ झाला तर जोर जास्त लागला असे समजावे. दिवसभर मान खाली घालून मोबाइल पाहणाऱ्या मुलाची मान सिट-अप्सच्या आधीच थकलेली असते, हेही त्याला सांगा.

काकाजी : तिन्ही कलमे समजली. आता जबाबदारीची गोष्ट. दुखणे साधे आहे की डॉक्टरकडे नेण्याजोगे, हे आम्ही घरातल्या माणसांनी कशावरून ओळखावे?

पुतणी : विश्रांतीने आणि पद्धत सुधारल्याने दोन-चार दिवसांत उतरते ते साधे. पण दुखणे खांद्यावरून हातात उतरत असेल, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, मूठ आवळताना जोर कमी पडत असेल, चक्कर येत असेल, तोल जात असेल, पडल्या-आपटल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, किंवा तापासोबत मान ताठरली असेल, तर एक दिवसही तहकूब न करता तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. आणि मान चोळून वा झटका देऊन मोडून घेण्याचा उपाय कोणालाही करू देऊ नये. ज्यांना हर्निया आहे, ज्यांची पोटाची शस्त्रक्रिया अलीकडे झाली आहे, ज्या स्त्रिया गरोदर आहेत किंवा नुकत्याच बाळंत झाल्या आहेत, ज्यांची हाडे वयाने ठिसूळ झाली आहेत, त्यांनी धड वाकवण्याचे व्यायाम वैद्यकीय सल्ल्यावाचून आरंभूच नयेत. उच्च रक्तदाब असणाऱ्याने श्वास कोंडण्याची चूक कदापि करू नये.

काकाजी : एवढे सारे मानले तरी एका गोष्टीवर माझे-तुझे जमणार नाही. तू सहा उठणी म्हणतेस. पोराला आकडा लागतो. आज वीस, उद्या बावीस, महिन्याने पन्नास. त्या आकड्याच्या आशेवर तो थंडीत पहाटे उठतो. आकडा काढून घेतलास तर त्याचा उत्साहच काढून घेतलास.

पुतणी : आकडा काढून घेत नाही, काकाजी, गणतीचा नियम बदलते. ज्या उठण्यात हनुवटी पुढे आली, हातांनी डोके ओढले, श्वास कोंडला किंवा झटका बसला, ते उठणे धरायचे नाही. आणि मानेत ओढ जाणवली की त्या दिवसाची गणती तेथेच बंद. पोटात ताकद उरली असेल तर प्लँक करावा, पण डोके पुन्हा उचलू नये.

काकाजी : म्हणजे पोरगा पन्नास काढून आला आणि त्यांतली आठच शुद्ध निघाली, तर त्याच्या खात्यावर आठच जमा?

पुतणी : आठच. आणि पुढच्या आठवड्यात नऊ झाली तर ती खरी वाढ.

काकाजी : बेटा, मी तुला लाडाकोडाचा व्यायाम सांगणारी समजत होतो. तुझा कायदा माझ्याहून कडक आहे. मी फक्त पोरगा थांबला की रागावत असे. तू तो चुकला की त्याची मेहनत बाद करतेस. अशा शिस्तीला माझी ना नाही. मात्र एक अट माझीही लिहून घे: मान बरी झाली, पद्धत बसली, की पूर्ण सिट-अप शिकवण्याची मुदत ठरली पाहिजे. कायमची सूट मी कोणाला देणार नाही.

पुतणी : मुदत कॅलेंडरने ठरू नये, एवढे मान्य करा. फरे सुटेपर्यंतची उठणी मानेची तक्रार न होता सलग वीस-पंचवीस निघू लागली, प्लँक मिनिटभर स्थिर राहू लागला, की पुढचा धडा तुम्ही स्वतः शिकवा. कोणाला ते महिन्याने येईल, कोणाला तीन महिन्यांनी.

काकाजींनी यावर होकार दिला असला, तरी भरतीची तारीख जवळ आली असता तीन महिने थांबायचे कसे, हा त्यांचा प्रश्न शिल्लक राहिला, आणि तो प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर एवढेच देता येईल की, दुखऱ्या मानेने १६०० मीटर धावणारा मुलगा थांबलेल्या मुलापेक्षा पुढे राहत नाही, कारण धावताना हात आणि खांदे मोकळे असावे लागतात व आखडलेल्या मानेखाली ते मोकळे राहत नाहीत.

या संवादात कोण जिंकले हे ठरवण्यात मला स्वारस्य नाही. परंतु दोन्ही पक्षांनी मिळून जी गोष्ट सिद्ध केली ती मला फार मोलाची वाटते. वेदना सोसणे हा गुण आहे, आणि वेदनेचा अर्थ लावणे हाही गुण आहे; व्यायामाच्या आपल्या परंपरेने पहिल्याचा गौरव पुष्कळ केला, दुसऱ्याचा मात्र पुरेसा केला नाही. त्यामुळे खेड्यापाड्यांतील होतकरू मुले चुकीच्या जागी सोसत राहतात आणि योग्य जागी श्रम करावयाचे राहून जातात. ज्याच्याजवळ व्यायामशाळा नाही, शिक्षक नाही, महागडे साहित्य नाही, त्याच्याजवळ एक चटई, एक दुपट्टा आणि स्वतःच्या शरीरात काय चालले आहे याकडे लक्ष देण्याची शक्ती एवढी सामग्री असतेच, आणि नवशिक्याला ती पुरते. तेव्हा उद्या सकाळी चटई अंथरणाऱ्या प्रत्येकाला माझे आग्रहाचे सांगणे हे की, हात डोक्यामागून सोडवा, हनुवटी आणि छाती यांत मूठभर अंतर राखा, फरे सुटली की तेथेच थांबा, आणि मानेने तक्रार केली तर त्या दिवशी तिचेच ऐका.